विकसनशील देशाने हवामान परिषदेत कसं वागावं

समजा तुम्ही विकसनशील देश आहात. अभिनंदन, पृथ्वी वाचवायचं काम तुमच्याकडे आलंय! तर सगळ्यात आधी ती जुना हिशोब काढायची सवय सोडा. आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा, हे असलं चारचौघात बोलायचं नसतं, कोणाच्या बंगल्यावर जेवायला गेल्यावर बंगला कशातून बांधला असं विचारतो का आपण? 1992 ला रिओमध्ये जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही असं लिहून घेतलंय ना, तो कागद घडी घालून ठेवा.

पैशाची घाई करू नका. कोपनहेगनच्या परिषदेत 2009 मध्ये श्रीमंत देशांनी शब्द दिला की 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर देऊ, ते त्यांच्याच हिशोबाने 2022 ला पूर्ण झाले आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा. म्हणजे धूर त्यांचा, पूर तुमच्याकडे, वाहून गेलेला पूल परत बांधायचा तर हप्तेही तुमचेच, आणि वर याला मदत म्हणतात तेव्हा थँक्यू म्हणायला विसरू नका.

कोळसा जाळताना चेहरा सांभाळा. ग्लासगोला 2021 मध्ये भारताने कोळसा 'बंद' ऐवजी 'कमी' करू असं लिहून घेतलं तर परिषदेच्या अध्यक्षांना गहिवरून आलं. पुढच्याच वर्षी रशियाचा गॅस आटला आणि जर्मनीने बंद ठेवलेली कोळशाची वीजकेंद्रं परत पेटवली, तेव्हा कोणाचे डोळे पाणावल्याचं ऐकलं नाही. त्याला ऊर्जा सुरक्षा म्हणतात, तुम्हीही म्हणून बघा, चालणार नाही पण बघा.

करारातून बाहेर पडायचा विचार तर करूच नका, तो मोठ्यांचा खेळ. कॅनडाने 2011 मध्ये क्योटोचा हवामान करार सोडायचं जाहीर केलं, अमेरिका पॅरिसच्या हवामान करारातून 2020 ला बाहेर, 2021 ला आत, 2025 ला परत निघाली. तुम्ही नुसते दाराकडे बघितलंत तरी व्यापाराची बोलणी थांबतील.

आणि पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम युरोपला विकत असाल तर 2026 पासून माल बनवताना सुटलेल्या कार्बनवर तिकडे शुल्क आहे. कागदावर ते तिकडचा आयातदार भरतो, पण भाव पाडून मागणार तुमच्याकडेच. जमा होणारा पैसा कुठे जातो? युरोपच्या तिजोरीत, कारण हवा सगळ्यांची असली तरी तिजोरी एकेकाची असते.

शेवटचं, भाषणाचं. बाकूला 2024 मध्ये गरीब देशांनी मागितले वर्षाला 1300 अब्ज डॉलर, श्रीमंतांनी पुढाकार घेऊन उभे करायचे ठरले 300, तेही 2035 पर्यंत, उरलेले 'सगळ्यांनी मिळून' कुठून तरी. भारताच्या प्रतिनिधींचं म्हणणं, आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की ठरावापूर्वी बोलायचंय. पण हातोडा आपटून ठराव पास झाला आणि मग त्यांना माइक मिळाला. म्हणून तुम्ही भाषण चांगलं सविस्तर लिहून न्या, हातोड्यानंतर वेळच वेळ असतो.