हॅरी गॉस्लिनवर का लिहिलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही लेख नीट वाचून मगच रागावलात, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हॅरी गॉस्लिन हा इंग्लंडमधल्या बोल्टन वाँडरर्स या फुटबॉल क्लबचा एक सामान्य हाफ-बॅक, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. इंग्लंडकडून अधिकृत सामना एकही नाही, कप जिंकला नाही, दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिशीला टेकलेला. तेव्हा 'युद्धाने कारकीर्द तोडली' हे मी उगाच गहिवरून लिहिलं. शिवाय ज्या इटलीत गॉस्लिनचा युद्धात मृत्यू झाला, त्याच इटलीत आपले मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे लढताना पडले असताना मराठीत एका गोऱ्या अधिकाऱ्याचं कौतुक कशाला?

आधी वयाचं. गॉस्लिनचा जन्म १९०९ चा. १९४६ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा तो ३६ वर्षांचा असता, हे खरं. पण कारकीर्द संपतच आली होती, हे मला मान्य नाही. त्याच्याच क्लबचा आणि त्याच्याच रेजिमेंटमधला गोलकीपर स्टॅन हॅन्सन युद्धावरून परतला आणि १९५३ च्या एफए कप फायनलमध्ये बोल्टनच्या गोलमध्ये उभा राहिला, वयाच्या ३७ व्या वर्षी. समोर ब्लॅकपूलकडून खेळणारा स्टॅनली मॅथ्यूज ३८ वर्षांचा. गॉस्लिन १९३९ मध्ये कर्णधार होता, संघ लीगच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये (सर्वांत वरच्या गटात) आठवा आला होता, आणि लीगचे ३०० च्या वर सामने त्याच्या नावावर होते. निवृत्तीच्या वाटेवरच्या माणसाचं हे चित्र नव्हे.

अधिकृत सामना नाही, हेही बरोबर. पण का नाही, ते पाहा. युद्धकाळात तो इंग्लंडच्या संघातून खेळला. मात्र त्या सामन्यांना अधिकृत दर्जाच दिला गेला नाही. १९३९-४० च्या लीग हंगामाचंही तसंच झालं. पहिले तीन सामने झाल्यावर हंगाम थांबला आणि ते तीनही नोंदींतून वगळले गेले. खेळाडूंचे करार स्थगित झाले, पगार बंद. त्या काळी हंगामात आठवड्याला ८ पौंडांहून जास्त पगार द्यायला क्लबांना नियमानेच मनाई होती, त्यामुळे गाठीशी फारसं काही असण्याचाही प्रश्न नव्हता. ज्या आकड्यांवरून तुम्ही त्याला 'सामान्य' ठरवता, ते आकडे युद्धानेच अर्धवट ठेवले आहेत. कारकीर्द तोडली असं मी म्हणतो ते याच अर्थाने. तो महान झाला असता असा दावा मी कुठेच केलेला नाही. महान नसलेल्या माणसाचंही काही हिरावलं जातं आणि ते नोंदवावं, एवढ्यासाठीच मी लिहायला बसलो.

आता 'गोरा अधिकारी'. गॉस्लिन डरहॅम परगण्यातल्या विलिंग्टनचा, म्हणजे कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. ८ एप्रिल १९३९ ला, संडरलंडविरुद्धच्या सामन्याआधी, त्याने बोल्टनच्या मैदानावर, बर्नडेन पार्कवर, प्रेक्षकांसमोर उभं राहून सांगितलं की संकट दाराशी आलंय, हे काम दुसऱ्यावर सोडून चालणार नाही. नुसतं सांगून थांबला नाही. हंगाम संपताच तो आणि संघातले अनेक जण ५३ व्या (बोल्टन) फील्ड रेजिमेंटमध्ये, तोफखान्यात, भरती झाले. क्लबच्या ३५ खेळाडूंपैकी ३२ सैन्यदलांत गेले, उरलेले खाणीत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात. गॉस्लिन खालच्या हुद्द्यावरून सुरुवात करून फ्रान्सला गेला; डनकर्कच्या माघारीतल्या कामगिरीनंतर लेफ्टनंट झाला. अधिकारीपण त्याला जन्माने मिळालं नव्हतं.

राहिला घाडगेंचा प्रश्न. इथे मला तुमच्याशी भांडायचं नाही, उलट तुमच्या बाजूला येऊन बसायचंय. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने इथल्या कुणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं, याची चीड मलाही आहे. पण गॉस्लिनची रेजिमेंट इटलीत कोणाबरोबर होती? ८ व्या भारतीय डिव्हिजनबरोबर. त्या डिव्हिजनच्या पायदळाला तोफांचं पाठबळ देणं हेच बोल्टनच्या या फुटबॉलपटूंचं काम होतं. आणि त्याच डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची १/५ पलटण (५ व्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण) होती, म्हणजे पुढे एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या, नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांची पलटण. घाडगे ३/५ चे, म्हणजे त्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचे, १० व्या भारतीय डिव्हिजनमधले. ते जुलै १९४४ मध्ये वरच्या टायबर खोऱ्यात पडले. गॉस्लिन त्याआधीच, डिसेंबर १९४३ मध्ये, जखमी होऊन काही दिवसांत गेला. त्याची कबर सांग्रो नदीच्या युद्ध दफनभूमीत आहे. त्याच आवारात, ज्यांना अग्नी दिला गेला अशा ५०० हून अधिक भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. गॉस्लिनचा माग काढत गेलो नसतो तर या स्मारकापर्यंत मी पोचलोच नसतो. मग यातलं एक नाव घेतल्याने दुसरं मागे कसं पडतं, ते तुम्हीच सांगा.

घाडगेंवर स्वतंत्र लेख हवा, ही मागणी रास्त आहे आणि तो मी लिहिणार आहे. तुम्ही माणगावच्या त्यांच्या पुतळ्याचा उल्लेख केलात, म्हणजे त्या भागाशी तुमचा संबंध असावा. १/५ किंवा ३/५ मधून इटलीला गेलेल्यांची पत्रं, पलटणीतले फोटो, घरात सांगितल्या गेलेल्या आठवणी असं काही तुमच्या माहितीत असेल तर जरूर कळवा. सांग्रोच्या लढाईबद्दल मराठी घरांतून आलेलं काही मिळालं तर मला फार हवं आहे.