यंत्र बंद करू नका, आधी हवा मोजून घ्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

इमारतीत हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन, म्हणजे घरातली शिळी हवा बाहेर टाकताना तिची उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र, बसवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत. दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून हे स्वतंत्र लिहितोय. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. म्युनिकला लेकीच्या नव्या फ्लॅटमध्ये तुम्ही हिवाळा काढलात. रात्रभर छतातून घूंघूं, सकाळी घसा कोरडा, आणि फोडणीचा वास थेट बेडरूममध्ये. ठाण्यात जन्म गेला, खिडकी उघडली की हवा येते, श्वास घ्यायला यंत्र कशाला? म्हणून निघताना तुम्ही लेकीला ते बंद ठेवायला सांगितलंत. माझ्यासारखे लोक कंपन्यांची भलामण करतात, असंही लिहिलंत.

मी या व्यवस्थांची आखणी करतो, विक्री नाही. त्या लेखात एकाही कंपनीचं नाव नव्हतं. तो मुद्दा तेवढ्यावर सोडतो, कारण मला काळजी वाटली ती ‘बंद ठेवायला सांगितलं’ या वाक्याची. घरात नातू लहान आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

ठाण्याच्या घरात खिडकी लावली तरी फटींतून हवा खेळत राहते. जर्मनीतली नवी इमारत मुद्दाम हवाबंद बांधतात, दाराच्या चौकटीत मोठा पंखा लावून गळती किती ते मोजतात. अशा घरातली साधारण 12 चौरस मीटरची बेडरूम घ्या. त्यात 30 घनमीटर हवा. दोन माणसं झोपेत मिळून तासाला 25 लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणजे दार लावलेलं असेल तर त्याचं प्रमाण दर तासाला 800 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 800 भाग) वर वाढत जातं. पहाटेपर्यंत ते 3000 च्या पलीकडे सहज पोहोचतं. गंमत नाही ही. म्युनिकचेच आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्ये चांगल्या हवेची मर्यादा 1000 पीपीएम अशी मांडली होती आणि आजही आम्ही तोच आकडा समोर ठेवून काम करतो. त्या खोलीत तासाला 45 घनमीटर ताजी हवा आली, तर आपण त्या मर्यादेत राहतो. शिवाय श्वास, आंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे यांतून घरात रोज कित्येक लिटर पाणी हवेत जातं. त्याला बाहेरची वाट मिळाली नाही, तर बाहेरच्या भिंतींच्या थंड कोपऱ्यांत बुरशी धरते.

मग खिडकी का नको? दिवसा उघडावीच. पण रात्री दोन वाजता उठून कोण उघडणार? आणि उणे पाच अंशांत ती रात्रभर कलती ठेवली, तर पैसे भरून तापवलेली हवा बाहेर जाते. पूर्ण फ्लॅटला तासाला 150 घनमीटर हवा लागते असं धरू. आत 20, बाहेर शून्य अंश असेल तर ती हवा तापवायला सतत सुमारे 1000 वॉट लागतात. यंत्रात बाहेर जाणारी आणि आत येणारी हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी उलट दिशांनी वाहतात. त्या एकमेकींत मिसळत नाहीत, फक्त उष्णता पलीकडे जाते. 80 टक्के उष्णता परत मिळाली, तर 800 वॉट वाचतात आणि चांगल्या यंत्राचे पंखे त्यासाठी 50 वॉटच्या आसपास खातात.

आता तुमच्या तक्रारी. त्या तिन्ही खऱ्या आहेत, मी त्यातली एकही झटकून टाकत नाही. पण त्यांतल्या दोन बसवणीच्या आहेत. नेदरलँड्समध्ये अमर्सफोर्ट शहराच्या फातहोर्स्ट या नव्या वसाहतीत 2007-08 च्या सुमारास हेच मोठ्या प्रमाणावर झालं. घरोघरी उष्णता परत मिळवणारी यंत्रं होती, पण हवा अपुरी, आवाज जास्त. लोक वैतागून यंत्र सर्वात खालच्या वेगावर ठेवत, हवा आणखी कोंदट होई आणि तब्येतीच्या तक्रारी वाढत. त्या प्रकरणाने तिथे सगळा विषयच बदनाम झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

बेडरूममध्ये घूंघूं ऐकू येणं हे चांगल्या कामाचं लक्षण नाही. पॅसिव्ह हाउस, म्हणजे अत्यंत कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या निकषात ही मर्यादा 25 डेसिबल आहे, म्हणजे जवळजवळ न जाणवणारा आवाज. तो वाढतो कारण डक्ट (हवेचे नळ) अरुंद घेतलेले असतात, यंत्र आणि खोली यांच्यामध्ये आवाज शोषणारा सायलेन्सर नसतो, किंवा फिल्टर चोंदल्यामुळे पंखा जोर लावत असतो.

फोडणीचा वास तर मला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. ताजी हवा बेडरूम आणि हॉलमध्ये यावी, दारांखालच्या फटींतून सरकत स्वयंपाकघर आणि बाथरूमकडे जावी आणि तिथूनच बाहेर पडावी, अशी आखणी असते. वास उलटा आला, म्हणजे हवा उलटी चालली आहे. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा सारखी जुळवलेली नसेल, किंवा बाहेरच्या भिंतीवर हवा घेण्याचं आणि सोडण्याचं तोंड फार जवळ असेल. बेडरूमच्या दाराखाली जाड गालिचा टाकून फट बुजवली असेल, तरी असं होतं.

कोरड्या घशाचं कारण वेगळं. शून्य अंशांची हवा 80 टक्के दमट असली, तरी ती 20 अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता 20 टक्क्यांच्या जवळ येते. खिडकीतून घेतलीत तरी हेच होणार. घरात माणसं कमी असताना वेग कमी करावा. काही यंत्रांत ओलावाही परत देणारा गाभा बसवता येतो, तो लहान मुलं असलेल्या घरी मी आग्रहाने सुचवतो.

ठाण्याला हे यंत्र घ्या असं मी म्हणणार नाही. आतबाहेरच्या तापमानात फरकच थोडा असेल, तर परत मिळवायला उष्णता उरत नाही. तिथे तुमच्या खिडक्याच बऱ्या.

लेकीला आज फोन करून यंत्र पुन्हा चालू करायला सांगा. फिल्टर काढून बघावेत, काळे दिसले तर बदलावेत. बाहेरून येणाऱ्या हवेवरचा फिल्टर बारीक धूळ अडवणारा, जुन्या वर्गीकरणातल्या एफ 7 प्रतीचा असावा. गालिचा सरकवावा. मग इमारतीच्या व्यवस्थापनाकडे यंत्र सुरू करतानाचा कागद मागावा, त्याला जर्मनीत ‘इनबेट्रीबनामे-प्रोटोकोल’ म्हणतात. प्रत्येक झडपेतून तासाला किती घनमीटर हवा मोजली ते त्यात असायला हवं, आणि येणाऱ्या हवेची बेरीज जाणाऱ्या हवेइतकी. असा कागदच नसेल, तर नव्याने मोजणी करून मिळावी अशी लेखी मागणी तिने जरूर करावी. तो कागद मला पाठवलात, तर खोलीनिहाय आकडे बघून कुठे चुकलंय ते सांगतो.