पासून, पर्यंत

आमचे मालक तारखेला कधी तारीख म्हणत नाहीत. "गड्ड्यापासून आखाडापर्यंत टॉवेल किती गेले, तेवढा चार्ट दाखव बे," म्हणतात आणि चहा सांगतात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात विणायला माग, विकायला व्यापारी आणि मधे रिपोर्टच्या सॉफ्टवेअरपुढे मी. त्यात चौकटी दोनच, 'पासून' आणि 'पर्यंत'. गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, ती संक्रांतीला भरते, त्यामुळे गड्ड्याचं जमतं. आखाड मात्र दरवर्षी जागा बदलतो.

'पर्यंत'ची तर जातच लबाड. ३१ मार्च टाकलं की ३१ मार्चचीच विक्री गायब! आमच्या सॉफ्टवेअरच्या लेखी नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाचे रात्री शून्य वाजलेले. पुढे दिवसभर फाडलेली बिलं हद्दीबाहेर. आणि मार्चअखेरीला आमच्याकडे दुसरं काही फाडतच नाहीत. म्हणून मी '१ एप्रिलच्या आधी' असं टाकतो. मालक विचारतात, "वर्ष संपलं की, मग एप्रिल कशाला घुसवलास?"

त्यात 'गेल्या वर्षीचा हाच काळ' असं एक बटण आहे. दिसायला गरीब. मालकांनी नोव्हेंबर २०२४ पाहताना ते दाबलं आणि चार्ट धाडकन खाली आला. सेल्सच्या पोराची तिथल्या तिथे हजेरी झाली. आता २०२३ चं लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, २०२४ चं १ नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळीची खरेदी त्या खेपेला ऑक्टोबरातच उरकलेली. सॉफ्टवेअरला महिने कळतात, दिवाळी कळत नाही. त्या पोराला दोन्ही कळत होतं, पण बोलायची सोय नव्हती.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून समजावलं, की २०२३ ला अधिक श्रावण आला, म्हणून त्या वर्षी दिवाळी लांबली. मालकांनी त्यातला एकच शब्द उचलला.

"अधिक? म्हणजे धोंडा की! जावयांना किती माल गेला बघ की त्यात."

१८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३. 'पर्यंत'ला अर्थातच १७ ऑगस्ट. मी थांबवायच्या आत मालकांनी ते बटण पुन्हा दाबलं. सॉफ्टवेअरनं निमूटपणे २०२२ चे तेच दिवस शेजारी उभे केले. त्या वर्षी धोंडाच नव्हता, हे त्याला कोण सांगणार? २०२३ चा खांब जरासा उंच निघाला.

मालकांनी चष्मा काढला. "बघ बे, जावयांनी तारलं."

सेल्सच्या पोराचं लग्न व्हायचंय अजून.