भट्टी जमेना

मला फक्त एक भट्टी करायची होती. हे वाक्य मी गेल्या आठ महिन्यांत घरात इतक्या वेळा म्हटलंय की 'मला फक्त' एवढं ऐकलं तरी पुढचं मुलगीच पुरं करते.

झालं असं की काकांचा वाढदिवस जवळ आला होता. काकांची नोकरीची सगळी वर्षं पोलाद कारखान्यात झोतभट्टीवर गेली. झोतभट्टी, म्हणजे खनिज वितळवून लोखंड काढायची भट्टी, हे पुस्तकातलं नाव. काका नुसतं 'फर्नेस' म्हणतात, जगात दुसरी फर्नेसच नसल्यासारखं. दर वर्षी मी त्यांना शर्ट द्यायचा आणि त्यांनी तो न उघडता कपाटात ठेवायचा, असा आमचा अलिखित करार होता. यंदा काहीतरी वेगळं द्यावं असं मनात घोळत होतं आणि नेमके त्याच रविवारी माळ्यावरून मुलीच्या लेगोचे, म्हणजे एकमेकींवर घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांचे, दोन डबे खाली आले. कुणाला तरी देऊन टाकायला काढले होते. दिले असते तर आज आम्ही टेबलावर जेवत असतो.

पहिली अडचण मापाची. डब्यातला तो पिवळ्या तोंडाचा, कायम हसणारा माणूस चार सेंटिमीटर उंच. त्याला खरा माणूस धरला तर प्रमाण पडतं साधारण एकास बेचाळीस. मोठी झोतभट्टी डोक्यावरच्या नळांसकट नि सांगाड्यासकट ८० मीटरच्या घरात जाते. भागाकार केला. एक मीटर नव्वद! म्हणजे भेट द्यायची ती काकांपेक्षा उंच, माझ्यापेक्षाही उंच. हातासरशी रोलिंग मिलचाही भागाकार केला. पत्रा लाटणारी मोठी मिल जवळजवळ किलोमीटरभर लांब असू शकते. ती आली २४ मीटर. शेजाऱ्यांच्या दोन भिंती पाडाव्या लागल्या असत्या. हसऱ्या माणसाला मी परत डब्यात टाकला. तो हसतच गेला.

बरीच आकडेमोड करून शेवटी एकास दीडशेवर आलो. या मापात भट्टी ५३ सेंटिमीटर आणि माणूस सव्वाअकरा मिलिमीटर. आता योगायोग बघा. सगळ्यात बारकी चौकोनी वीट ९.६ मिलिमीटर उंच आणि डोक्यावरचं बटण धरलं की सव्वाअकराच्या आसपास. म्हणजे एक वीट बरोबर एक माणूस! हे जुळलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. राहवेना म्हणून हिला उठवून सांगितलं. तिने डोळे न उघडता विचारलं, "आणि झोपलेला माणूस किती विटांचा?"

विटांचा धर्म चौकोनी, भट्टीचा गोल. नुसती गोल असती तरी निभावलं असतं. पण ती वरून खाली रुंद होत जाते, पोटाशी सगळ्यात फुगते आणि त्याखाली पुन्हा आत येते. हे नखरे नाहीत. वरून खनिज, कोक (म्हणजे भाजून काढलेला दगडी कोळसा), चुनखडी थराथरांनी पडतात, खाली सरकता सरकता तापून फुगतात, म्हणून जागा वाढवत न्यायची. पोटाखाली सगळं वितळून आक्रसतं, म्हणून जागा कमी करायची. लोखंडाच्या बाजूने सगळं पटण्यासारखं आहे. प्लॅस्टिकला कोण पटवणार?

गोलाला पर्याय बारा बाजूंचा. बारा भिंती, प्रत्येक चार बटणं रुंद, बिजागरीच्या तुकड्यांनी एकमेकींचे हात धरून उभ्या. अशा आकृतीची समोरासमोरची रुंदी किती भरते? शाळा सुटली तेव्हा त्रिकोणमितीही सुटली असा माझा समज होता. चार दिवस घालवल्यावर उत्तर आलं १४.९३ बटणं. आत बसवायचा गाभा पंधरा बटणांचा. एक बटण म्हणजे आठ मिलिमीटर, तेव्हा फरक सगळा मिळून अर्ध्या मिलिमीटरचा. मी म्हटलं, अर्ध्या मिलिमीटरला कोण विचारतं! विटा विचारतात. या विटेचं पेटंट १९५८ सालचं, आणि तेव्हाच्या विटेवर आज निघालेली वीट घट्ट बसते. ती बसते ती असल्या अर्ध्या मिलिमीटरांना दारातही उभं करत नाहीत म्हणूनच. अकरा भिंती गुण्यागोविंदाने बसल्या. बारावी दाबली की चौथी सुटायची, चौथी लावली की नववी मान टाकायची. त्यात पंधरा विषम आणि खालचा पाया सोळाचा, म्हणजे अख्खी भट्टी अर्धं बटण एका अंगाला. भट्टी जमणे हा वाक्प्रचार ज्याने काढला त्याने ती चौकोनी विटांची करून पाहिलेली नसावी.

मग संगणकाकडे वळलो. विटांचे आराखडे करायची सॉफ्टवेअरं असतात आणि ती फार गोड बोलतात. तिथे गुरुत्वाकर्षण नाही. तिथे कोणताही तुकडा कोणत्याही रंगात मिळतो. मी गंजाच्या रंगाच्या कमानी अशा लावल्या जशा काही डब्यात पोत्याने पडल्या आहेत. त्या रंगात ती कमान कधी काढलीच नव्हती, हे पुढे कळलं. तीन आठवड्यांत पडद्यावर अशी देखणी भट्टी उभी राहिली की मी ती फिरवून फिरवून पाहत बसलो. फिरवता फिरवता खालून पाहिली आणि दिसलं की कास्ट हाऊसचं छत, जिथून लोखंडाचा रस बाहेर येतो त्या शेडचं छत, कशालाच जोडलेलं नाही. तीन आठवडे ते हवेत होतं आणि मी त्याच्याखाली दिवे लावत होतो.

हेही मी सोसलं असतं. खरं दुखणं निराळंच निघालं. भट्टी एकटी राहूच शकत नाही. खालून ट्वीअरमधून, म्हणजे हवेच्या तोट्यांमधून, तिच्यात हजार-बाराशे अंशांची हवा फुंकायची असते. ती हवा तापवायला शेजारी स्टोव्ह लागतात. स्टोव्ह म्हणजे घुमटाच्या टोपीचे गोल मनोरे, आत जाळीदार विटा खच्चून भरलेले, उंचीला भट्टीशी स्पर्धा करणारे. आणि हे स्टोव्ह तापवायचे कशावर? तर भट्टीच्याच डोक्यातून निघणाऱ्या वायूवर. १८५७ साली एडवर्ड काऊपर नावाच्या इंग्रजाने ही तापत्या विटांची युक्ती काढली. तो काही माझ्या वाईटावर नव्हता, पण त्याच्यामुळे मला आणखी गोल मनोरे करायला लागले. वायूत धूळ, म्हणून ती बसवायला एक भलंमोठं पिंप. वायू तिथवर न्यायला भट्टीच्या माथ्यावरून चार नळ, ते वर जाऊन एकत्र येणार आणि तिथून एक जाडजूड नळ तिरका खाली. कोक हवा तर कोकच्या भट्ट्या. माल वर चढवायला तिरका पूल. लग्न एकीशी लागावं आणि अख्खं गाव नांदायला यावं, तसं झालं. जेवणाचं टेबल संपलं तेव्हा मी त्याला अभ्यासाचं टेबल जोडलं. मुलीने तक्रार केली नाही, अभ्यास न करायला तिला सबळ कारण मिळालं होतं.

नळांसाठी डबे उपसले. बारकी पिपं, धुरांडी, झेंड्यांच्या काठ्या. दुर्बिणी उलट्या लावल्या की व्हॉल्व्ह म्हणून खपतात, हा माझा स्वतःचा शोध असं मी समजत होतो. तो जगभर सगळेच करतात. हेल्मेटं उलटी करून लेडल केली, रस नेणारी भांडी. त्यापायी डब्यात सात टकले हसत पडलेत.

रसासाठी नारिंगी पारदर्शक टिकल्या वापरल्या, नखाएवढ्या. खरा रस पंधराशे अंशांच्या आसपास असतो. माझं प्लॅस्टिक शंभरी ओलांडली की मऊ पडतं, म्हणून खाली एलईडीची माळ. पहिल्यांदा दिवा लावला त्या रात्री घरातले बाकीचे दिवे मालवून आम्ही तिघं पाच मिनिटं गप्प उभे होतो. दुसऱ्या दिवशी हिने घर झाडायला व्हॅक्यूम क्लीनर फिरवला आणि खळखळ असा एक सुंदर आवाज आला. संध्याकाळी मी वर्तमानपत्र पसरून त्याची पिशवी उलटी केली. राखाडी धुळीचा ढीग, त्यात केस, एक पेन्सिलीचं टोक, आणि बोटांनी ढीग फाकवला की मधूनच एखादी नारिंगी ठिणगी. चौतीसपैकी एकतीस सापडल्या. वाटलं, खनिजातून लोखंड काढण्याच्या फार जवळ आलो आपण.

"हे टेबल मोकळं कधी होणार?" हिने विचारलं. मी अभ्यास केलेला होता. म्हटलं, "झोतभट्टी एकदा पेटवली की पंधरा-वीस वर्षं विझवत नाहीत. रात्रंदिवस चालू." हे उत्तर चुकीचं होतं हे मला तिचा चेहरा पाहिल्यावर कळलं. सारवासारव म्हणून सांगितलं की इंग्लंडात स्कन्थॉर्पच्या कारखान्यात चार झोतभट्ट्यांना राण्यांची नावं आहेत, बेस, मेरी, ॲन, व्हिक्टोरिया. ती म्हणाली, "मग हिचं काय ठेवणार?" मी बोलून चालून संसारी माणूस. गप्प बसलो.

वाढदिवस एव्हाना होऊन गेला होता. काकांना शर्टच दिला. पण मुलीच्या पोटात काही राहत नाही, आणि एका संध्याकाळी काका स्वतःच येऊन थडकले. चष्मा पुसला. दोन्ही हात मागे बांधून टेबलाला एक पूर्ण फेरी मारली. कामावर असताना ते असेच राउंडला जात असणार.

"मड गन कुठंय?"

"काका, ती काय असते?"

"काय असते? अरे, टॅपहोल ड्रिलने उघडलं, रस काढला, आता बंद कशाने करणार? बोटाने? मड गन माती ठोसते त्यात. ती नाही, म्हणजे तुझी ही फर्नेस चालूच राहणार, वाहतेय आपली."

मी लिहून घेतलं.

"स्टोव्ह दोनच?"

"एक फुंकतोय, एक तापतोय."

"आणि एक बिघडला की?" यावर काय बोलणार. "हे काय आहे?" उलट्या हेल्मेटाकडे बोट.

"लेडल."

"यात माणसाची आंघोळ होईल फार तर. दोनशे टन रस कशात नेणार? आणि एसएमएस कुठंय?"

मी खिशातून फोन काढून पाहिला. काकांनी मला असं न्याहाळलं की शर्ट देणारा पुतण्याच बरा होता असं त्यांना वाटलं असावं. एसएमएस म्हणजे स्टील मेल्टिंग शॉप. भट्टीतून निघतं ते नुसतं कच्चं लोखंड, चारेक टक्के कार्बन पोटात असलेलं. त्याचं पोलाद होतं ते पुढे कन्व्हर्टरमध्ये, वरून ऑक्सिजन फुंकून. १९५२ साली ऑस्ट्रियात लिंझला ही रीत सुरू झाली. म्हणजे आठ महिने मी पोलादाचा कारखाना म्हणून जे करत होतो त्यात पोलाद कुठे नव्हतंच.

मग काका जरा वेळ थांबले आणि हळूच म्हणाले, "मी कुठंय यात?"

या प्रश्नाची मी वाट पाहत होतो. कास्ट हाऊसमधली पिवळी वीट दाखवली. एक वीट, एक माणूस, प्रमाणात.

"हा मी? टॅपहोलच्या तोंडासमोर?" काकांचा आवाज चढला. "तिथे उभा राहिलो असतो तर हे सगळं कुणाला द्यायला केलं असतंस?" त्यांनी नखाने ती वीट उचकटली, बाजूला सुरक्षित जागी नेऊन बसवली, अंगठ्याने दाबली. "आणि हेल्मेट पांढरं होतं माझं." मी डोक्यावर पांढरी टिकली बसवली. काका अर्ध्या मीटरने उंच झाले. ही चूक त्यांनी काढली नाही.

आता ते रंगात आले. सांगायला लागले, भट्टीत कधीकधी माल अडकून राहतो, कमान धरतो, त्याला हँगिंग म्हणतात. वरून सगळं शांत, खाली पोकळी. "आणि मग एकदम घसरतो. स्लिप! सगळी फर्नेस हादरते." कुठे अडकतो ते दाखवायला त्यांनी भट्टीच्या पोटावर एक टिचकी मारली. बाराव्या भिंतीवर.

चौथी सुटली. नववीने मान टाकली. वरचा सगळा डोलारा, चार नळांसकट आणि तिरक्या पुलासकट, सरळ आत उतरला. टेबलावरून टिकल्या घरंगळत होत्या आणि काकांचा चेहरा पोरासारखा फुलला होता. "हां! अस्संच! अगदी अस्संच व्हायचं!"

पुढचे दोन तास आम्ही दोघं शेजारी बसून तुकडे वेगळे करत होतो, तीन स्टोव्ह धरून नव्याने मांडायचं ठरवून. सगळं सुटलं, फक्त तळ सुटेना. वजन पेलावं म्हणून मी खाली पातळ पट्ट्यांचे सहा थर एकावर एक मुठीने ठोकले होते. नखं तुटली, सुरीचं टोक वाकलं. काकांनी तो ठोकळा हातात घेऊन वजन करून पाहिला.

"सॅलॅमँडर," ते म्हणाले. भट्टी कायमची थांबवली की तळाशी लोखंडाचा एक गोळा थिजून बसतो, शेकडो टनांचा. त्याला म्हणे हेच नाव. हलत नाही, वितळत नाही, कशाने कापत नाही.

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? भोकं पाडायची आणि सुरुंग लावायचे."

ही आतून बाहेर आली. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाली, "काका, किती लागतील?"