कॉफीची पत्रिका

कपासोबत एक छोटं कार्ड आलं. मी ते सवयीने उलटं करून खिशात घालायला निघालो, कारण पाठकोऱ्या कागदावर वाण्याची यादी छान होते. कन्येने हात धरला. "बाबा, वाच ना ते."

चष्मा लावला. उंची : १,२०० मीटर. वाण : एस ७९५. जन्मस्थान : चिकमगळूर. प्रक्रिया : हनी. मग भाजल्याची तारीख. त्याखाली स्वभावविशेष : गूळ, जर्दाळू, संत्र्याची साल. रास, नाडी आणि अपेक्षा एवढंच लिहायचं राहिलं होतं, नाहीतर स्थळ वाईट नव्हतं.

"एस ७९५ म्हणजे गोत्र का?" मी विचारलं.

कॉफी करणाऱ्या मुलाने (बरिस्ता म्हणायचं, आचारी म्हटलं की कन्या टेबलाखालून पाय मारते) अगदी मनापासून सांगितलं, की हे अरेबिकाच, पण घराण्यात वरच्या पिढीत कोणीतरी लायबेरिका या दुसऱ्या जातीचं आहे, म्हणून रोगाला जरा टिकतं. म्हणजे आंतरजातीय. आमच्या सोसायटीत एवढी माहिती काढायला लोकांना दोन गणपती जावे लागतात.

तर मुद्दा असा, की तेहतीस वर्षं एका सहकारी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला काढून मी निवृत्त झालो आणि घरात बसून समोरच्या गॅलरीतले कपडे मोजतो, असा माझ्यावर आरोप आहे. त्यावर उपाय म्हणून कन्येने 'रविवार-कॅफे' योजना काढली. अटी तिच्याच. साखळीतलं दुकान नको, एका माणसाने जीव ओतून चालवलेलं हवं. कॉफी कुठल्या मळ्यातली ते माहीत हवं. आणि पिकवणाऱ्याला योग्य भाव मिळालेला हवा. बिल कोणी द्यायचं याबद्दल योजनेत कलम नव्हतं. ते प्रघाताने ठरलं.

अशी कॅफे पुण्यात जुन्या बंगल्यांच्या आउटहाउसमध्ये असतात, आणि बाहेर पाटी नसते. पुण्यात! जिथे नुसत्या फाटकावर चार सूचना असतात, तिथे धंद्याला पाटी नाही. पहिल्या रविवारी आम्ही एका दंतवैद्याच्या वेटिंगमध्ये दहा मिनिटं बसून आलो. कन्येला सजावट आवडली होती.

दुसऱ्या रविवारचं टेबल म्हणजे जुन्या शिवणयंत्राचं लोखंडी पायटं आणि वर फळी. कॉफी येईपर्यंत माझे पाय आपोआप चालायला लागले. शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलीने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि आपला कप हातात उचलून घेतला. आईच्या मशीनचं असंच पायटं आम्ही १९९८ साली भंगारवाल्याला पंचाहत्तर रुपयांत दिलं होतं, हे मी कन्येला सांगितलं. ती गप्प झाली. तिच्या अंदाजाने ते आता आठ हजारांना गेलं असतं.

तिसरा आणि चौथा रविवार सोडून देतो. एका ठिकाणी पाठ नसलेलं स्टूल होतं आणि दुसऱ्या ठिकाणी मांजर.

पाचव्या रविवारी हे कार्ड आलं. आणि आधी तो विधीही झाला, जो मी उभा राहून पाहिला. बरिस्ताने सराफाच्या काट्यावर बी तोललं. १८.२ भरलं, तर चिमटीने एक दाणा काढला. दळलं. चिनी मातीच्या नरसाळ्यात कागद लावला, तो गरम पाण्याने भिजवून ते पाणी फेकून दिलं. (उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला हे बघवत नाही.) मग बगळ्यासारखी मान असलेल्या किटलीतून गोल गोल बारीक धार धरली. थांबला. घड्याळ पाहिलं. पुन्हा धार. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी अभिषेकाला लावतात तेवढाच वेळ, फक्त इथे प्रसाद विकत. पूड फुगून वर आली तेव्हा तो हलकेच म्हणाला, "ब्लूम." मी हात जोडणार होतो.

"हनी प्रोसेस आहे ना? मध जरा जास्त घाल, मला खोकला आहे," मी म्हणालो.

"काका, यात मध नसतो." मग त्याने समजावलं, की फळाची साल काढली तरी बीवर चिकट गर राहतो. तो धुऊन टाकला तर वॉश्ड, फळ तसंच सगळं वाळवलं तर नॅचरल, आणि गर ठेवून वाळवलं तर हनी. मला हे मनापासून आवडलं. आमच्याकडे फणसाच्या आठळ्या अशाच चिकट वाळत पडतात, पण त्यांना असं नाव द्यायचं कुणाला सुचलं नाही.

एव्हाना त्याला मी रसिक वाटलो असणार. त्याने बाबा बुडन यांची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात हे सूफी संत हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया अंगावर लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, असं परंपरा सांगते. अरब व्यापारी उगवणारं बी देशाबाहेर जाऊ देत नसत, म्हणून लपवायला लागलं. त्या डोंगरांना आजही बाबाबुडनगिरी म्हणतात.

"म्हणजे आपल्या कॉफीचं सोर्सिंगच मुळात चोरटं," मी म्हणालो.

"बाबा!"

"निर्मळ मार्गाने फक्त माझी पेन्शन येते, बाकी..."

मग मीही आपल्या घरचं दाखवायचं म्हणून सांगितलं, की महाराष्ट्रातही कॉफी होते, चिखलदऱ्याला. मेळघाटात, साहेबाच्या काळापासून. दोघांना माहीत नव्हतं. माझी छाती दोन इंच फुगली. आम्ही बँकेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा मी ती झुडपं स्वतः पाहिली होती, आणि त्याच उत्साहात पॉइंटवरच्या टपरीवाल्याला म्हटलं होतं, "दादा, इथली कॉफी द्या." त्याने तात्काळ दोरीवर लटकणाऱ्या माळेतली पावडरची एक पुडी फाडली आणि दुधात ओतली. हा शेवटचा भाग मी कॅफेत सांगितला नाही.

आता भिंतीवरच्या फोटोंकडे लक्ष गेलं. सावलीतली झाडं, सिल्व्हर ओकवर चढलेले मिरीचे वेल, टोपलीत लाल फळं आणि टोपली धरलेले हात. चेहरा चौकटीच्या बाहेर राहिला होता. खाली एक ओळ, की आम्ही थेट मळ्यातून घेतो, बाजारापेक्षा जास्त भाव देतो.

"किती जास्त?" मी विचारलं.

"चांगलाच जास्त, काका."

"म्हणजे किलोमागे?"

"ते ओनरना माहीत."

इथे माझ्यातला कॅशियर जागा झाला. पेपर नॅपकिन घेतला, शर्टाचं पेन काढलं. कन्येने खुर्ची थोडी दूर सरकवली.

एका कपाला १८ ग्रॅम भाजलेली बी. भाजताना सहाव्या हिश्शाच्या आसपास वजन उडतं, म्हणजे कच्ची बी साधारण २१ ग्रॅम. एक किलो कच्ची बी व्हायला पिकलेली फळं लागतात सहाएक किलो. म्हणजे माझ्या कपाला १२६ ग्रॅम फळं. अर्धा पाव! आमच्याकडे आठवड्याच्या मिरच्या घेतात तेवढी. आणि ती ओरबाडायची नाहीत. एका फांदीवर हिरवं, पिवळं, लाल सगळं एकत्र असतं, त्यातलं लालच वेचायचं, उरलेल्यासाठी पुन्हा फेरी मारायची. माझी दहा घोटांची करमणूक म्हणजे कोणाची तरी सत्तर-ऐंशी वेळा हललेली बोटं.

आता भाव. तो रोज हलतो आणि अरेबिकाचा तर न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो, ही माहिती बरिस्ताची. एकेकाळी मळेवाल्याला सगळा माल कॉफी बोर्डाकडे घालावा लागायचा, नव्वदच्या दशकात ते सुटलं, ही माहिती माझी. आपल्याकडे कापूस एकाधिकाराचं जे होतं त्यातलंच. मी ढोबळ धरला किलोला ५०० रुपये. २१ ग्रॅमचे झाले साडेदहा.

कप २८० रुपयांचा. त्यावर ५ टक्के जीएसटी, १४ रुपये.

मी नॅपकिन कन्येपुढे सरकवला. "बघ. पिकवणाऱ्याला साडेदहा आणि सरकारला चौदा. सरकार एकदाही डोंगर चढलेलं नाही."

"आणि जागेचं भाडं? मशीन? या मुलांचे पगार?" ती म्हणाली.

खरं होतं. मालकाला काय उरतं हे मला सांगायला नको. असल्या तीन कर्जप्रकरणांवर मी शिफारस लिहिली आहे आणि तिन्हींच्या वसुलीला मलाच पाठवलं होतं. एका हॉटेलवाल्याने तर हप्ता नाही म्हणून मिसळ खिलवली आणि वर तर्री वाढली. मी ती खाल्ली, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही.

एवढा वेळ कप निवत होता. पहिला घोट घेतला. जर्दाळू सापडला नाही. संत्र्याची साल होती, पण नुसतीच. आजीच्या काढ्याची दूरची बहीण म्हणता येईल.

"साखर मिळेल का?"

कॅफेत शांतता पसरली. लॅपटॉपवाल्या दोघांनी कानातलं काढलं असावं.

"काका, आधी एकदा तशीच घेऊन बघा ना," बरिस्ता काकुळतीने म्हणाला.

"घेतली. आता साखर दे."

तपकिरी साखरेच्या दोन लांबट पुड्या आल्या. मी एक उलटसुलट करून पाहिली. कार्ड नव्हतं.

"ही साखर कुठली रे?"

"ब्राऊन आहे काका."

"ते दिसतंय. मळा कुठला? तोडणी कोणी केली?"

तो हसला. मीही हसलो, पण मला उत्तर माहीत होतं. निदान अंदाज होता. नोकरीतली तीन वर्षं मी साखर कारखान्याच्या गावात काढली आहेत. दिवाळी सरली की बीडकडून गाड्या यायच्या. बैलगाडीत भांडी, पत्रे, कोंबड्या, पोरं. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता'. दोन माणसांना मोजायचं ते एका हत्याराने. पहाटे थंडीत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. हंगामाआधी मुकादम उचल द्यायचा आणि मग ती फेडेपर्यंत कोयता खाली ठेवता यायचा नाही. त्या उचलीच्या नोटा आमच्याच काउंटरवरून जायच्या. बंडलं मी मोजून द्यायचो, दोनदा, अंगठ्याला स्पंज लावून. एकदा एक बाई मुकादमामागे तान्हं घेऊन दारात उभी होती. मी तिला आत पंख्याखाली बसा म्हणालो. ती म्हणाली, "नगं साहेब, फरशी खराब हुईल." पायाला चिखल होता. माझी कॅश त्या दिवशी पैशापर्यंत जुळली होती.

"बाबा, कसला विचार करतोयस?"

"काही नाही. फोटो नाहीये पुडीवर."

दोन्ही पुड्या टाकल्या, ढवळलं आणि प्यायलो. जर्दाळू तेव्हा लागला.

बरिस्ताने निघताना विचारलं, कशी वाटली. मी म्हटलं, बाळा, कॉफी उत्तम आहे, आता ओनरना किलोमागचा आकडाही कार्डावर छापायला सांग. तो "नक्की काका" म्हणाला. बँकेत मीही असंच म्हणायचो. टिप ठेवली. नॅपकिन घडी करून खिशात घातला. मागची बाजू कोरी होती.

घरी बायकोने दार उघडलं. "झाली नैतिक कॉफी? आता प्यायची ती घ्या." तिची कॉफी म्हणजे आटवलेलं दूध, पुडीतली पावडर, साखर मोजू नये इतकी आणि वर किसणीवर दोनदा ओढलेलं जायफळ. त्या वासाने मी सोफ्यावर बसल्या जागी माणसात आलो. आणि तेवढ्यात डोक्यात किडा वळवळला.

"हे जायफळ कुठलं गं?"

"कुठलं म्हणजे? माहेरचं. दादा पाठवतो की वाडीतलं."

गुहागरजवळ मेव्हण्याची वाडी आहे. मधे दलाल नाही, व्यापारी नाही. मळा माहीत, झाड माहीत, वेचणारा तर सख्खा मेव्हणा. कन्येच्या सगळ्या अटी घरात पंधरा वर्षं पूर्ण होत होत्या! भावाचा एक रकाना मात्र रिकामा होता. मी लगेच फोन लावला.

"काय रे, जायफळाला तिथे काय भाव मिळतो सध्या?"

पलीकडे थोडा वेळ नुसता समुद्राचा वारा. "भावोजी, तब्येत बरी आहे ना? ताईला द्या जरा फोन."

"अरे, मी ठीक आहे. मी म्हणतो, पिकवणाऱ्याला योग्य मोबदला मिळाला पाहिजे. आजवर मी तुला कधी विचारलंच नाही."

"असं म्हणताय? जायफळाचं राहू द्या हो, पाहुण्यांकडून त्याचे काय घ्यायचे. पण विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो, मे महिन्यात तुम्ही तीन पेट्या हापूस नेलात, सोसायटीतल्या लोकांकडून घेऊन पाठवतो म्हणालात..."

"हॅलो? हॅलो?" मी म्हणालो. "आवाज येत नाहीये रे. हॅलो?"

कोकणात रेंजची बोंबच असते.