वस्तुमान कळले म्हणजे लिपिड ओळखले असे नाही

"जिवाणूंचा अर्क मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडा, सगळ्या लिपिडांची यादी आपोआप मिळते, टीएलसी आणि कॉलम आता अडगळीत टाका." हे विधान सध्या जोरात फिरते आहे. लिपिडे म्हणजे स्निग्ध रेणू, मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र, तर टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) आणि कॉलम ही मिश्रणातले घटक वेगळे करायची जुनी साधने. त्यातला शब्दन् शब्द तपासून घ्यायला हवा.

'सगळ्या' म्हणजे अर्कात उतरलेल्या. ब्लाय आणि डायर यांची 1959 मधली क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल पद्धत माशांच्या स्नायूंवर बसवलेली होती. तिने फॉस्फोलिपिडे छान निघतात. पण ग्रॅम-ऋण जिवाणूंचे (ई. कोलायसारख्या, बाहेरून जादा पटल असलेल्या) लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे लांब शर्करा-साखळी जोडलेले लिपिड, क्लोरोफॉर्मच्या थरात येत नाही. त्यासाठी गरम फिनॉल-पाणी वापरतात. क्षयाच्या जिवाणूतली 60 ते 90 कार्बनची मायकोलिक आम्ले बरीचशी पेशीभित्तिकेला रासायनिक बंधाने जखडलेली असतात, अल्कलीने बंध तोडल्याशिवाय सुटत नाहीत. जे नळीत आलेच नाही, ते यंत्र कुठून दाखवणार?

'आपोआप मिळते' यात खरी गोम आहे. वस्तुमानावरून फार तर रेणुसूत्र कळते, रचना नाही. ई. कोलाय वाढ मंदावली की असंतृप्त आम्लाच्या दुहेरी बंधावर एक कार्बन चढवून सायक्लोप्रोपेनचे कडे बनवतो. असे 17 कार्बनचे आम्ल आणि एक दुहेरी बंध असलेले 17 कार्बनचे सरळ आम्ल, दोघांचे सूत्र एकच. बॅसिलसमधल्या आयसो आणि अँटिआयसो आम्लांत तर मिथाइलची फांदी फक्त एका कार्बनने सरकलेली असते. यंत्रातच रेणू फोडून मिळणाऱ्या नेहमीच्या (टँडेम) तुकड्यांतूनही साखळीची लांबी कळते, फांदीची जागा कळत नाही. मिथाइल एस्टर करून गॅस क्रोमॅटोग्राफीवर चालवले की दोन्ही वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. शिवाय सोडियम चिकटलेला आयन आणि दोन कार्बन व तीन दुहेरी बंध जास्त असलेल्या लिपिडाचा प्रोटॉनयुक्त आयन यांच्यात फरक असतो जेमतेम 0.0024 डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक). साध्या यंत्रावर दोन्ही एकाच शिखरात दडतात आणि सॉफ्टवेअर त्याला बिनधास्त एक नाव देऊन मोकळे होते.

कॉलम अडगळीत टाकला तर? ई. कोलायच्या फॉस्फोलिपिडांत फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन सुमारे तीन-चतुर्थांश असते. सगळे एकदम सोडले की अशा भरघोस रेणूंपुढे तुरळक लिपिडांचे आयनीभवन (विद्युतभारित होणे, ज्याशिवाय यंत्राला ती दिसत नाहीत) दबते.

टीएलसीला जुनाट म्हणणाऱ्यांनी एक अनोळखी ठिपका घेऊन बसावे. त्यावर निनहायड्रिनचा फवारा अमाइन दाखवतो, मॉलिब्डेनम ब्लूचा फॉस्फेट, अल्फा-नॅफ्थॉलचा शर्करा. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे लायसिल-फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल पहिल्या दोन्ही फवाऱ्यांना रंग देते. त्याचे नेमके वस्तुमान मोजायला मग मास स्पेक्ट्रोमीटर आहेच.