किती पुरावा म्हणजे पुरावा?

तलावपाळीच्या कट्ट्यावर बंड्याने विषय काढला आणि चहा गार होईपर्यंत कुणी हललं नाही. बंड्या भौतिकशास्त्राचा. म्हणाला, "आमच्याकडे शोध जाहीर करायला पाच सिग्मा लागतो. म्हणजे काहीच नसताना निव्वळ योगायोगाने आलेखात तेवढा मोठा उंचवटा दिसायची शक्यता ३५ लाखांत १. मानसशास्त्रात २० त १, म्हणजे ०.०५, चालतं. दोन्हीला शोधच म्हणायचं?"

छोटी मानसशास्त्रात पीएचडी करते. ती तोंड उघडणार तेवढ्यात ताई बोलली. ताई जनुकशास्त्रातली. "आकड्यावरून भांडायचं तर आम्ही तुझ्याही पुढे आहोत. संपूर्ण जीनोम, म्हणजे माणसाचा अख्खा जनुकसंच, चाळताना आमची रेषा २ कोटींत १ वर असते. पण त्यात शहाणपणा कसला, साधा भागाकार आहे. एकमेकांपासून स्वतंत्र धरता येतील अशा जागा साधारण १० लाख. प्रत्येक जागा ०.०५ वर तपासली, तर काहीही नसताना ५० हजार जागा 'सापडतात'. म्हणून ०.०५ ला १० लाखांनी भागलं."

मास्तरांनी हाच धागा धरला. "बंड्या, तुझा पाच सिग्माही बराचसा त्यासाठीच आहे. तुम्ही आलेख किती ठिकाणी चाळता?"

बंड्याने प्रामाणिकपणे डिसेंबर २०१५ चं उदाहरण दिलं. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलस प्रयोगात ७५० जीईव्हीजवळ (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक) फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्यांचा उंचवटा दिसला. त्या एका जागेपुरता हिशेब ३.६ सिग्मा. पण उंचवटा दुसरीकडे कुठेही आला असता तरी लोक तितकेच दचकले असते. ते धरून हिशेब केला की २ च्या आसपास. सर्नमधल्याच सीएमएस या दुसऱ्या प्रयोगालाही तिथेच काहीतरी अंधूक दिसलं होतं. शेकडो सैद्धांतिक निबंध लिहिले गेले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये नवी मोजमापं आली तेव्हा उंचवटा सपाट झाला होता.

"मग आमचं दुखणं नीट ऐक," छोटी म्हणाली. "०.०५ ही रेषा सैल आहे हे खरं, पण मोठं दुखणं वेगळं आहे. किती वेळा बघितलं हे आमच्याकडे लिहिलंच जात नव्हतं. माणसं गोळा करता करता पाच वेळा डोकावून बघितलं आणि जमलं की थांबलं, तर चूक ५ टक्क्यांवर राहत नाही, १४ टक्क्यांवर जाते. वेगवेगळ्या २० गोष्टी मोजल्या, तर एखादी तरी फुकट 'लागण्याची' शक्यता ६४ टक्के. त्यात गट लहान. दोन गटांत खरा फरक अर्ध्या प्रमाण विचलनाचा आहे असं समज; प्रमाण विचलन म्हणजे माणसामाणसांत एरवीच असणाऱ्या चढउताराचं माप. प्रत्येक गटात २० माणसं घेतली तर तो हाती लागण्याची शक्यता तीनात एक. आणि लागलाच, तर कमीत कमी ०.६४ दिसल्याशिवाय रेषा ओलांडतच नाही. म्हणजे छापून येणारा फरक खऱ्यापेक्षा मोठाच असणार. प्रयोग पुन्हा केला की आकडा उतरतो, आणि लोक विचारतात, परिणाम कुठे गेला?"

२०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. मूळच्यांपैकी ९७ टक्के रेषेच्या आत होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के. बंड्या हा आकडा नेहमी टोमण्यासारखा फेकतो. मला तो त्या विषयाच्या बाजूचा वाटतो, कारण स्वतःच्या घराची झडती घेऊन निकाल छापायला हिंमत लागते.

ताईनेही आपल्या घरातलं सांगितलं. नैराश्याशी जोडलेल्या १८ नावाजलेल्या जनुकांवर वर्षानुवर्षं निबंध येत होते. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर ती तपासली, तेव्हा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या जनुकांपेक्षा ती सरस निघाली नाहीत.

बंड्याचा उपाय सरळ होता : मानसशास्त्राने रेषा ०.००५ वर न्यावी. छोटीने लगेच खर्च मांडला. तोच अर्धा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला आज प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात, तेव्हा १०७-१०८ लागतील. "त्यापेक्षा प्रयोगाआधीच गृहीतक, माणसांची संख्या आणि विश्लेषणाची पद्धत नोंदवायची. निकाल काहीही येवो, निबंध छापायचं नियतकालिकाने आधीच कबूल करायचं. असे निबंध पुढे तपासले गेले, तर पहिलं गृहीतक खरं ठरलेले ४४ टक्के होते. नेहमीच्या निबंधांत ९६."

"हिग्ज कण शोधताना आम्हीही हेच केलं," बंड्या म्हणाला. "पद्धत पक्की होईपर्यंत जिथे खूण अपेक्षित होती तो भाग झाकून ठेवला होता."

इथवर दोघांचं जमलं. मग नाना बोलले. ते दप्तरखान्यातल्या जुन्या कागदांत रमणारे. "हे सगळं योगायोगापासून वाचवतं. चुकीपासून कोण वाचवणार?"

बंड्या गप्प झाला, कारण उत्तर त्याच्याच विषयात होतं. २०११ साली सर्नहून इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेला, सुमारे ७३० किलोमीटरवर, न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं जाहीर झालं. सहा सिग्मा! शेवटी कारण निघालं जीपीएसचा संकेत घड्याळापर्यंत नेणारी प्रकाशतंतूची केबल, जी पूर्ण घट्ट बसलेली नव्हती. हजारो कणांच्या नोंदी त्याच एका सैल जोडणीतून गेल्या होत्या. नोंदी वाढवून सिग्मा फुगला असता, केबल घट्ट झाली नसती.

"आमच्याकडे केबलच्या जागी वस्ती असते," ताई म्हणाली. "ठाण्यातले ५ हजार आणि चेन्नईतले ५ हजार लोक एकत्र करून 'घरी मराठी बोलता का' याची जनुकं शोधली, तर हमखास सापडतील, तीही २ कोटींत १ च्या आत. दोन वस्त्यांत जनुकांचं प्रमाण मुळातच थोडं वेगळं असतं, एवढंच त्यातून कळतं. म्हणून वंशावळीचा कल गणिताने वजा करायचा. तेवढ्यावरही भागत नाही, तेव्हा सख्ख्या भावंडांची आपसात तुलना करायची. युरोपात उत्तरेकडच्यांची उंची निसर्गनिवडीने वाढली हा दावा २०१९ मध्ये ढिला पडला, तो याच कारणाने."

नाना खूश झाले. "जनगणनेत बघा. जुन्या जनगणनांत ४० वर्षांचे लोक ३९ आणि ४१ वाल्यांपेक्षा कितीतरी जास्त, कारण वय अंदाजाने सांगायचं. २३ ते ६२ वयाचे सगळे मोजा. त्यातले ०ने किंवा ५ने संपणारे वेगळे काढा, त्यांना ५ने गुणा, एकूण संख्येने भागा, १०० ने गुणा. १०० आलं तर वयं बरी सांगितली, ५०० आलं तर सगळीच गोल केलेली. कोट्यवधी माणसं मोजली म्हणून हे सुधारत नाही. आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यांत १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी का, ते वेगळं सांगायला नको."

"गणितात मात्र अशी केबल नाही," बंड्या म्हणाला.

"गणितात नोंदींवर विसंबतच नाही," मास्तर म्हणाले. "एखाद्या संख्येपर्यंत मूळसंख्या किती, याचा एक अंदाज देणारं सूत्र आहे. आजवर तपासलेल्या प्रत्येक ठिकाणी तो अंदाज खऱ्यापेक्षा जास्तच निघाला. तरी तो अनंत वेळा कमी पडतो, हे लिटलवुड या इंग्रज गणितज्ञाने १९१४ मध्ये सिद्ध केलं. पहिल्यांदा कमी पडण्याची जागा ३१७ अंकी संख्येच्या आसपास असावी. तिथवर मोजत कोण जाणार?"

"मग नाना, तुम्ही काय करता?" छोटीने विचारलं. "सिद्धता नाही, प्रयोग पुन्हा करता येत नाही."

"साक्षीदार मोजतो. ठाण्याचं १८८२ चं गॅझेटियर आहे. समजा, नंतरच्या तीन पुस्तकांत एखाद्या गावाची तीच लोकसंख्या दिसली. पुरावे तीन की एक? मी जुळणारे बरोबर आकडे बघतच नाही, जुळणाऱ्या चुका बघतो. छपाईतली एकच चूक तिन्हींत निघाली, की तिघांनी एकाच जागेवरून उतरवलं."

ताई चमकून म्हणाली, "आम्हीही तेच करतो. दोन नमुन्यांत एकच दुर्मीळ बदल दिसला की पूर्वज एक."

"तर मग त्या तीन पुस्तकांचं वजन एकाचंच," नाना म्हणाले. "दुसरा साक्षीदार म्हणजे त्या गावाची वसुलीची वही, ज्या कारकुनाने गॅझेटियर पाहिलंच नव्हतं त्याने लिहिलेली. तीही तपासून घ्यायची, कारण सारा कमी लागावा म्हणून माणसं लपवायचा मोह तिथे असतोच."